कुठले लिटरल काढायचे, कुठले ठेवायचे: कर्सर शेअरिंग बदलताना

सर्व्हरचा सीपीयू सतत वर, आणि तरी सर्वात महागड्या क्वेरींच्या यादीत बोट ठेवावं अशी एकही क्वेरी नाही. हे चित्र दिसलं की मी आता सगळ्यात आधी लिटरल, म्हणजे क्वेरीच्या मजकुरात थेट लिहिलेल्या किमती, शोधते. ही सवय मला ज्या कामामुळे लागली, त्याबद्दल हे लिहिते आहे. ओरॅकल डेटाबेसवर काम करणाऱ्या बऱ्याच जणांवर कधी ना कधी हाच प्रसंग येतो, आणि त्यांना मिळणारा सल्ला बहुतेक वेळा एका ओळीचा असतो: 'कर्सर_शेअरिंग फोर्स करून टाका.' कर्सर म्हणजे डेटाबेसने एकदा तयार करून ठेवलेली क्वेरी, आणि हे सेटिंग फक्त लिटरलमध्ये फरक असलेल्या क्वेरींना एकच कर्सर वापरायला लावतं. त्या ओळीच्या अलीकडे आणि पलीकडे बरंच काम असतं.

आमच्याकडचा डेटाबेस ओरॅकल १९सी. त्यावर ऑर्डर हाताळणारं विकत घेतलेलं ॲप्लिकेशन, आणि त्याच टेबलांवर चालणारे आमच्या टीमचे रिपोर्ट आणि रात्रीचे जॉब. गर्दीच्या वेळी स्क्रीन काही सेकंद गोठायच्या आणि मग आपोआप सुटायच्या. एडब्ल्यूआर रिपोर्टमध्ये, म्हणजे ओरॅकलच्या कामगिरीच्या अहवालात, दर सेकंदाचे एकूण पार्स (क्वेरी वाचून समजून घेणं) आणि हार्ड पार्स (तेच शून्यापासून करणं) हे दोन आकडे जवळपास सारखेच. थांबण्याच्या कारणांत वरच्या ओळींवर 'लायब्ररी कॅश: म्युटेक्स एक्स', 'कर्सर: पिन एस वेट ऑन एक्स' आणि 'लॅच: शेअर्ड पूल', म्हणजे मेमरीतल्या आतल्या कुलपांसाठीची वाट. डिस्क निवांत होती. वेळ डेटा वाचण्यात जात नव्हता, तर डेटा कसा वाचायचा हे ठरवण्यातच जात होता. त्यातच एका दुपारी लॉगमध्ये ओआरए-०४०३१ दिसला, म्हणजे शेअर्ड पूलमध्ये, तयार क्वेरी ठेवायच्या मेमरीत, हवा तेवढा सलग तुकडा मिळेना. तेव्हा सगळ्यांचं लक्ष वेधलं गेलं.

व्ही$एसक्यूएल, म्हणजे पूलमधल्या क्वेरींची यादी, उघडून मजकूर नुसता नजरेखालून घातला तरी पुरेसं होतं. पानामागून पान हेच:

सिलेक्ट … फ्रॉम ऑर्डर्स व्हेअर ऑर्डर_आयडी = ४८२१७३
सिलेक्ट … फ्रॉम ऑर्डर्स व्हेअर ऑर्डर_आयडी = ४८२१७४
सिलेक्ट … फ्रॉम ऑर्डर्स व्हेअर ऑर्डर_आयडी = ४८२१९०

प्रत्येकासमोर एक्झिक्यूशनच्या कॉलममध्ये १. एकदा चालली, पुन्हा कधीच नाही. नीट मोजण्यासाठी फोर्स_मॅचिंग_सिग्नेचर या कॉलमवर गट केले. लिटरल बाजूला ठेवले तर जी स्टेटमेंट एकसारखी दिसतात त्यांची ही सिग्नेचर एकच येते. पीएल/एसक्यूएल (ओरॅकलची प्रोसिजर लिहायची भाषा) ब्लॉकना तिथे शून्य असतं, ते वगळायचं. मग प्रत्येक गटात किती स्टेटमेंट आहेत ते मोजून उतरत्या क्रमाने लावायचं. यात एक खाच आहे. ज्या स्टेटमेंटमध्ये बाइंड व्हेरिएबल (किमतीसाठी सोडलेली जागा, किंमत वेगळी दिली जाते) आणि लिटरल दोन्ही मिसळलेले असतात, त्यांच्यातले लिटरल या हिशेबात एकत्र केले जात नाहीत, त्यामुळे ती या मोजणीतून निसटतात. म्हणून प्लॅन_हॅश_व्हॅल्यूवरही, म्हणजे क्वेरी चालवायच्या मार्गाच्या (प्लॅनच्या) ओळखक्रमांकावरही, एक गट करून पाहिला आणि तिथे आणखी काही दोषी सापडले. दोन्ही याद्या एकत्र केल्यावर दिसलं की पूल भरून टाकणारे साचे मूठभरच आहेत. ही यादी मी जपून ठेवली. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तिचाच उपयोग झाला.

हार्ड पार्स इतका महाग का, हे थोडक्यात सांगते. क्वेरी आली की ओरॅकल तिच्या मजकुराचा हॅश काढून लायब्ररी कॅशमध्ये शोधतो. मजकूर अक्षरन् अक्षर तोच असेल, एखादी स्पेस किंवा लहान-मोठं अक्षरसुद्धा वेगळं नसेल, तर आधीचा प्लॅन उचलून काम सुरू होतं. तो सॉफ्ट पार्स. सापडलं नाही तर टेबलं आणि कॉलम कुठले, परवानगी आहे का, आकडेवारी काय सांगते, कुठला इंडेक्स, कुठला जॉइन आधी, हे सगळं नव्याने ठरवावं लागतं. ते ठेवायला पूलमध्ये जागा मागावी लागते, जुनं काहीतरी बाहेर काढावं लागतं, आणि हे चालू असताना त्या जागेवरची कुलुपं धरून ठेवावी लागतात. एकट्या सेशनला हे काही मिलीसेकंदांत जमतं. शेकडो सेशन एकाच वेळी तेच करू लागली की त्या कुलपांपाशी रांग लागते. एका ऑर्डरची एक ओळ प्रायमरी की वरून आणायला जेवढं काम लागतं, त्याच्या कितीतरी पट काम ती कशी आणायची हे ठरवण्यात जात होतं, आणि दर ऑर्डरला निर्णय तोच येत होता.

पहिली सूचना आली ती शेअर्ड पूल वाढवण्याची. मी तिला विरोध केला. एकदाच वापरायच्या वस्तूंसाठी कोठार वाढवून काय होणार? उलट शोधायची यादी लांबते आणि साफ करायचा ढीगही वाढतो. दुसरी सूचना ठराविक वेळाने पूल फ्लश करण्याची होती. त्यात चांगले, पुन्हा पुन्हा वापरले जाणारे कर्सरही बाहेर फेकले जातात, आणि लगेच पुढच्या मिनिटाला हार्ड पार्सची लाट येते. हे दोन्ही मार्ग मला अजूनही पटत नाहीत.

खरा उपाय म्हणजे ॲप्लिकेशनने बाइंड व्हेरिएबल वापरणं. पण कोड व्हेंडरचा. त्यांच्याकडून उत्तर आलं, 'तुम्ही फोर्स लावा, पुढच्या आवृत्तीत बघू.' म्हणून पॅरामीटरकडे वळावं लागलं.

कर्सर_शेअरिंगची मूळ किंमत 'एक्झॅक्ट': मजकूर जसाच्या तसा जुळला तरच कर्सर पुन्हा वापरायचा. 'फोर्स' ओरॅकलच्या ८आय आवृत्तीच्या काळात आला. त्यात डेटाबेस स्वतःच क्वेरीतले लिटरल काढून त्या जागी एसवायएस_बी_०, एसवायएस_बी_१ अशी आपली व्हेरिएबल घालतो आणि मग शोधतो. ९आयमध्ये 'सिमिलर' आला. ज्या लिटरलमुळे प्लॅन बदलू शकतो, ते वेगळे धरायचा त्याचा प्रयत्न होता. पण हिस्टोग्राम (कुठली किंमत किती वेळा येते याची आकडेवारी) असलेल्या कॉलमवर तो प्रत्येक किमतीसाठी नवा चाइल्ड कर्सर (त्याच क्वेरीची आणखी एक प्रत) बनवत सुटायचा, आणि एका पालकाखाली शेकडो मुलं जमली की शोधायला लागणारा वेळ पुन्हा तिथेच. तो पुढे मोडीत निघाला, आणि आज निवड एक्झॅक्ट आणि फोर्स या दोघांतच आहे. जुन्या लेखांमध्ये सिमिलरची शिफारस अजून वाचायला मिळते. ती सोडून द्यावी.

फोर्स लावण्याआधी मी ती जपून ठेवलेली यादी घेऊन बसले आणि प्रत्येक साच्यातल्या प्रत्येक लिटरलपुढे एकच प्रश्न लिहिला: ही किंमत वापरणाऱ्याकडून आली, की क्वेरी लिहिणाऱ्याने मुद्दाम घातली? ऑर्डर क्रमांक, ग्राहक क्रमांक, तारखा या वापरणाऱ्याकडून येतात, दर वेळी वेगळ्या असतात, आणि ऑप्टिमायझरला (प्लॅन ठरवणाऱ्या भागाला) त्यांच्यातून फारसं नवं काही कळत नाही. पण 'स्टेटस = पी' मधला पी लिहिणाऱ्याने घातलेला आहे. तो कधीच बदलत नाही, त्यामुळे तो पूल भरतही नाही. आणि तो ऑप्टिमायझरला फार मोलाची गोष्ट सांगतो: प्रलंबित ऑर्डरी थोड्याच असतात, इंडेक्सने जा. फोर्सला हा फरक कळत नाही. तो दोन्ही काढून टाकतो. माझ्या मते या पॅरामीटरबद्दल समजून घ्यायची सर्वात मोठी गोष्ट हीच आहे, आणि ती पुरेशी बोलली जात नाही.

चाचणीच्या डेटाबेसवर मी फोर्स सगळ्यांसाठी लावला नाही. ॲप्लिकेशन ज्या युजरने जोडलं जातं, फक्त त्याच्यासाठी लॉगऑन ट्रिगर (जोडणी होताच आपोआप चालणारा कोड) लिहिला, ज्यात एकच ओळ: ऑल्टर सेशन सेट कर्सर_शेअरिंग = फोर्स. रिपोर्टचा युजर वेगळा होता, तो एक्झॅक्टवरच राहिला. रिपोर्टमध्ये एका क्वेरीला मिनिटं लागतात, तिथे पार्सचे मिलीसेकंद वाचवून काही मिळत नाही, आणि नेमक्या किमती दिसल्या तर प्लॅन चांगला येतो. या पद्धतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: कनेक्शन पूलमधली आधीपासून उघडी असलेली कनेक्शन ट्रिगरमधून जात नाहीत. तो कनेक्शन पूल एकदा बंद करून पुन्हा उघडला नाही तर निम्मी सेशन जुन्या पद्धतीने आणि निम्मी नव्या पद्धतीने चालतात, आणि मोजमापातून काहीच उलगडत नाही.

गर्दीचा भार तिथे पुन्हा चालवला. व्ही$सिसस्टॅटमधला 'पार्स काउंट (हार्ड)' झपाट्याने चढायचा तो जवळपास थांबला. 'पार्स काउंट (टोटल)' मात्र होता तसाच, कारण ॲप्लिकेशन दर वेळी पार्स मागतच होतं, फक्त आता बहुतेक सॉफ्ट पार्स होत होते. सॉफ्ट पार्सही फुकट नसतो, शिवाय लिटरल बदलण्याचं काम दर वेळी करावं लागतं. तरी म्युटेक्सच्या रांगा ओसरल्या आणि सीपीयूला श्वास घ्यायला जागा मिळाली. आमचे पीएल/एसक्यूएल प्रोसिजर जसे होते तसेच राहिले. त्यांच्यातल्या स्टॅटिक क्वेरींमधल्या लिटरलना हा पॅरामीटर हात लावत नाही. एक्झिक्यूट इमिजिएटने जोडून बनवलेल्या क्वेरींना मात्र लावतो.

आता स्टेटसबद्दल सविस्तर, कारण माझा सर्वात जास्त वेळ तिथेच गेला आणि तो योग्य कारणासाठी गेला.

प्रलंबित ऑर्डरींची एक स्क्रीन होती: 'स्टेटस = पी' आणि तारखेची मर्यादा. आमच्या टीमचा ताळमेळाचा एक जॉब होता, ज्यात तीच क्वेरी उचलून फक्त स्टेटस 'सी', म्हणजे पूर्ण झालेल्या ऑर्डरी, असं केलेलं होतं. तो ॲप्लिकेशनच्याच युजरने चालायचा. टेबलातल्या बहुतेक सगळ्या ओळी सी, आणि पी अगदी थोड्या. एक्झॅक्टमध्ये या दोघांचा एकमेकांशी संबंधच नव्हता. मजकूर वेगळा, कर्सर वेगळा, प्लॅन वेगळा: स्क्रीनला इंडेक्स, जॉबला फुल टेबल स्कॅन, आणि दोन्ही बरोबर. फोर्स लागताच पी आणि सी दोन्हींच्या जागी एसवायएस_बी_० आला आणि दोन वेगळी कामं एकाच कर्सरवर येऊन बसली.

मग बाइंड पीकिंग. हार्ड पार्सच्या वेळी व्हेरिएबलमध्ये जी किंमत असते ती पाहून ऑप्टिमायझर प्लॅन ठरवतो. स्क्रीन आधी उघडली तर इंडेक्सचा प्लॅन ठरायचा आणि मग जॉब त्याच इंडेक्सवरून जवळजवळ अख्खं टेबल एकेक ओळ करून वाचत बसायचा. जॉब आधी चालला तर उलटं: थोड्याशा ओळींसाठी स्क्रीन पूर्ण टेबल चाळायची.

११जीपासून यावर ॲडॅप्टिव्ह कर्सर शेअरिंग आहे. कॉलमवर हिस्टोग्राम असेल तर व्ही$एसक्यूएलमध्ये त्या कर्सरपुढे इज_बाइंड_सेन्सिटिव्ह 'वाय' दिसतं. वाचलेल्या ओळींचं प्रमाण किमतीनुसार फार बदलतं असं दिसलं की नवा चाइल्ड कर्सर तयार होतो, इज_बाइंड_अवेअर 'वाय' होतं, आणि मग पी आणि सीला आपापले प्लॅन मिळतात. आमच्याकडेही तसंच झालं. डीबीएमएस_एक्सप्लॅनच्या डिस्प्ले_कर्सरमधून, पाहिलेल्या किमतींसह, दोन्ही चाइल्डचे प्लॅन काढून शेजारी शेजारी ठेवले आणि ते एक्झॅक्टमधल्या प्लॅनशी जुळले. नुसत्या एक्स्प्लेन प्लॅनवर इथे विसंबू नये. तो बाइंडमधली किंमत बघत नाही, आणि आपल्याला प्रत्यक्षात चाललेला प्लॅन हवा असतो.

पण ही व्यवस्था एकदा वाईट अनुभव आल्यावरच शिकते. आणि कर्सर पूलमधून बाहेर गेला किंवा आकडेवारी नव्याने गोळा झाल्यावर रद्द झाला की शिकलेलं विसरते. म्हणजे अधूनमधून कुणीतरी एक जण त्या वाईट प्लॅनवर अडकणार. दुसरी मर्यादा अशी की चौदाहून जास्त बाइंड असलेल्या स्टेटमेंटना ॲडॅप्टिव्ह कर्सर शेअरिंग लागू होत नाही. हाताने लिहिलेल्या क्वेरीत चौदा बाइंड क्वचित येतात. फोर्समध्ये मात्र प्रत्येक लिटरल बाइंड होतो, त्यामुळे मोठी शोध-स्क्रीन ही मर्यादा सहज ओलांडते.

जॉब आमचा होता, म्हणून तिथे मार्ग सोपा होता. त्याच्या क्वेरीत कर्सर_शेअरिंग_एक्झॅक्ट ही हिंट, म्हणजे डेटाबेससाठीची सूचना, घातली. त्या एका स्टेटमेंटपुरते लिटरल तसेच राहतात, सी ऑप्टिमायझरला दिसतो, आणि स्क्रीनच्या कर्सरशी गाठ पडत नाही. ही हिंट फारशी कुणी वापरताना दिसत नाही. वापरायला हवी.

दुसरं प्रकरण एका एक्स्पोर्ट फाइलचं. व्हेंडरच्या प्रोग्रॅममधली क्वेरी नावाच्या कॉलमचा 'सबस्ट्रिंग १ ते २०' घ्यायची आणि परत आलेल्या कॉलमची घोषित लांबी पाहून ठराविक रुंदीची फाइल लिहायची. फोर्समध्ये तो २०सुद्धा व्हेरिएबल होतो. मग निकालाची लांबी किती हे डेटाबेसला आधी सांगता येत नाही आणि तो मूळ कॉलमची पूर्ण लांबी जाहीर करतो. डेटा तोच, पण पुढचे सगळे रकाने सरकले. चाचणीत जुनी आणि नवी फाइल शेजारी लावल्यामुळे हे वेळेत दिसलं. तो एक्स्पोर्ट वेगळ्या युजरवर नेला आणि एक्झॅक्टवर ठेवला. ज्या फंक्शनवर आधारलेल्या इंडेक्सच्या व्याख्येतच लिटरल आहे, तेही याच कारणाने एकेक करून तपासले. क्वेरीतला आकडा व्हेरिएबल झाला तर इंडेक्सशी जुळणी होते की नाही, हे गृहीत धरण्यात अर्थ नाही.

इन-लिस्टने मात्र फोर्सला दाद दिली नाही. 'ऑर्डर_आयडी इन (…)' मध्ये कधी ३, कधी १७, कधी २०० क्रमांक. लिटरल बदलले तरी व्हेरिएबलची संख्या वेगळी, म्हणजे मजकूर वेगळा, म्हणजे कर्सर वेगळा. एका यादीत १००० ही १९सीची कमाल मर्यादा आहे, त्यापुढे ओआरए-०१७९५ येतो. तरीही एका साच्यातून हजार रूपं निघू शकतात, आणि अशा दोन याद्या एकाच क्वेरीत असतील तर त्यांचा गुणाकार. याला डेटाबेसच्या बाजूने पॅरामीटर नाही, कोडमध्येच बदल लागतो. यादी २, ४, ८, १६ अशा दोनाच्या घातापर्यंत (५१२च्या पुढे थेट १०००पर्यंत) शेवटचा क्रमांक पुन्हा पुन्हा लिहून भरून काढली तर मोजकीच रूपं उरतात आणि निकाल बदलत नाही.

दुसऱ्या डेटाबेसवर असाल तर शब्द बदलतात, प्रश्न तोच राहतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५पासून 'पॅरामीटरायझेशन फोर्स्ड' आहे, आणि २००८पासून 'ऑप्टिमाइझ फॉर ॲड हॉक वर्कलोड्स', ज्यात पहिल्या वेळी प्लॅनचा नुसता लहानसा पत्ता ठेवला जातो. पोस्टग्रेसमध्ये लिटरल बदलून प्लॅन वाटून घ्यायची सोय नाही. पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्समध्ये $१ दिसतं ते केवळ मोजणीसाठी.

प्रत्यक्ष सिस्टिमवर ट्रिगर लावला आणि गर्दीची वेळ निभावली. पण मी व्हेंडरशी बोलणं थांबवलं नाही, आणि थांबवू नये असं मला मनापासून वाटतं. फोर्समुळे त्रास कमी होतो आणि सगळ्यांनाच वाटतं की विषय मिटला. तो मिटलेला नसतो. मजकूर जोडून क्वेरी बनवणारा कोड तसाच असतो, आणि त्यासोबत एसक्यूएल इंजेक्शनचं (वापरणाऱ्याने भरलेल्या मजकुरातून क्वेरीच बदलण्याच्या हल्ल्याचं) दारही उघडंच असतं. त्यांच्या एका स्क्रीनवर नावात अपॉस्ट्रॉफी आली की एरर यायची, त्याचं कारण हेच. फोर्स त्या दाराला कडी लावत नाही, कारण डेटाबेस लिटरल बदलतो तोपर्यंत क्वेरीचा मजकूर बिघडून झालेला असतो. बैठकीत मी ही एरर समोर चालवून दाखवली आणि सिग्नेचरची यादी पुढे ठेवली. म्हटलं, 'सगळा कोड बदला असं आम्ही म्हणत नाही. एवढेच साचे बदला, पूल भरतो तो यांच्यामुळेच.' व्हेंडरच्या डेव्हलपरने यादी वरून खाली वाचली आणि म्हणाले, 'एवढंच असेल तर होईल.'

त्यांनी जावामधले ते साचे प्रिपेअर्डस्टेटमेंटवर, म्हणजे बाइंड वापरणाऱ्या क्वेरींवर, आणले, इन-लिस्टही दोनाच्या घाताने भरायला लागले. पहिल्या खेपेत उत्साहाने स्टेटससुद्धा बाइंड केला होता. तो परत लिटरल करून मागितला. त्यांना हे आधी उलटं वाटलं: एवढे दिवस बाइंड मागत होता, आता लिटरल का? पी आणि सीचे दोन प्लॅन दाखवले तेव्हा पटलं. आता त्यांच्या कोडमध्ये त्या ओळीवर कॉमेंट आहे की ही किंमत मुद्दाम लिटरल ठेवली आहे, बदलू नये.

नवी आवृत्ती स्थिरावल्यावर ट्रिगर काढला आणि ॲप्लिकेशनचा युजरही एक्झॅक्टवर आणला. सिग्नेचर आणि प्लॅन-हॅश या दोन्ही मोजण्या रोज आपोआप चालतात. एखाद्या गटात एकदाच चाललेली स्टेटमेंट ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेली की त्यातलं एक नमुन्याचं स्टेटमेंट मेलमध्ये येतं. अलीकडे जी आली ती बहुतेक आमच्याच टीमच्या नव्या स्क्रिप्टमधली होती, आणि ती त्याच आठवड्यात दुरुस्त झाली.